व्हिट्बीचे काळे मणी

आमच्या इंदूरच्या मराठी घरांत समुद्राबद्दल एक गंमत आहे. निम्म्या घरांची कुलदैवतं कोकणात, आणि त्याच घरांतल्या निम्म्या माणसांना पोहता येत नाही. होळकरांच्या काळात कोणीतरी पूर्वज माळव्यात आला, इथल्या काळ्या मातीत रमला, पोहे-जलेबीवर पोसला, आणि समुद्र फक्त कुलदैवताच्या पत्त्यात उरला. बाबा अभिमानाने सांगायचे, "आपण मूळचे गुहागरचे." पण आम्ही गणपतीपुळ्याला गेलो तेव्हा पँट दुमडून घोट्याएवढ्या पाण्यापुढे काही ते गेले नाहीत. मी सातवीत होते. त्यानंतर मी समुद्र पाहिला तो थेट इंग्लंडमध्ये, तेविसाव्या वर्षी, ऑक्टोबरच्या थंडीत. आणि तेव्हा बाबा नव्हते.

मी २०२३ च्या सप्टेंबरमध्ये लीड्सला एम.एस्सी. करायला गेले. बाबा त्याच वर्षी जानेवारीत गेले होते. प्रवेश त्यांच्या देखत ठरला होता, कर्जाच्या कागदांवर त्यांची सही होती. पुढे ते कागद पुन्हा करावे लागले. "आता कशाला जातेस, आई एकटी पडेल," असं म्हणणारे नातेवाईक होते. त्यांचं काही चुकत होतं असंही नाही. पण आईने एकाच वाक्यात विषय संपवला होता, "ती जाणार आहे." मग आई लोकमान्य नगरच्या घरात, मी लीड्सच्या एका लाल विटांच्या घरात, आणि मध्ये साडेचार तासांचं अंतर. किलोमीटर कोणी मोजत नाही हो, परदेशी शिकणारी मुलं तासच मोजतात.

लीड्सहून समुद्र गाठायचा तर विद्यार्थ्यांचा आवडता मार्ग म्हणजे बस. रेल्वेपेक्षा वेळ जास्त लागतो, पण त्या वर्षी इंग्लंडमध्ये सरकारने बसचं एकेरी भाडं दोन पौंडांवर बांधून दिलं होतं. म्हणजे साधारण दोनशे रुपयांत साडेतीन तासांचा प्रवास, तोही डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पुढच्या काचेपाशी. यॉर्क, माल्टन, पिकरिंग ही गावं मागे पडली की बस एका उघड्या पठारावर चढते. त्याला तिकडे मूर म्हणतात. झाड नाही, घर नाही, नुसती तपकिरी झुडपं आणि त्यांत चरणाऱ्या मेंढ्या. ऑगस्टमध्ये हीच झुडपं जांभळी होतात म्हणे. आम्हांला तपकिरी रंगावर समाधान मानावं लागलं. मग एका वळणावर बस उतरायला लागते आणि समोर करड्या रंगाची एक पट्टी दिसते. मला ते आभाळच वाटलं. शेजारी बसलेली माझी फ्लॅटमधली मैत्रीण अलप्पुळाची, समुद्राकाठी वाढलेली. ती म्हणाली, "ते पाणी आहे." तिने हे इतक्या सहज सांगितलं, जसं आपण एखाद्याला राजवाडा दाखवावा.

व्हिट्बी हे गाव एस्क नावाच्या नदीच्या मुखावर आहे. नदीच्या दोन्ही बाजूंना कडे, कड्यांच्या उतारावर लाल कौलांची घरं, आणि दोन काठांना जोडणारा एक फिरता पूल. बोट आली की पूल मधून उघडतो आणि माणसं दोन्हीकडे थांबून राहतात. कोणीही हॉर्न वाजवत नाही, हे इंदूरकर म्हणून मला नोंदवलंच पाहिजे. एकेकाळी इथून देवमाशांच्या शिकारीला जहाजं जायची. पश्चिमेच्या कड्यावर देवमाशाच्या जबड्याच्या हाडांची कमान आहे, तिच्याखाली उभं राहून सगळे फोटो काढतात, आम्हीही काढला. जगप्रवास केलेला कॅप्टन कुक उमेदवारीत इथेच जहाजावरची कामं शिकला, त्याचा पुतळा आहे. आणि ड्रॅक्युलाचा लेखक ब्रॅम स्टोकर १८९० मध्ये इथे येऊन राहिला होता, म्हणून त्याच्या कादंबरीतला तो रक्तपिपासू सरदार इंग्लंडमध्ये पहिलं पाऊल इथेच टाकतो. या ड्रॅक्युलापायी गावाची बऱ्यापैकी कमाई होते. आम्ही गेलो त्या ऑक्टोबर-अखेरीस तर गावात गॉथ लोकांचा मेळा होता. गॉथ म्हणजे काळे कपडे, काळं लिपस्टिक, काळी छत्री, आणि स्वभावाने अत्यंत गरीब माणसं. सकाळी बसमधून उतरलो तेव्हा रांगेत पुढे उभे असलेले सहा फुटी काळे गृहस्थ मागे वळून मला म्हणाले, "आधी तुम्ही जा, तुम्हांला थंडी वाजतेय."

जेवणाचं मात्र जपून. इंग्लंडच्या समुद्राकाठी शाकाहारी माणसाला वाटतं की मासे नाही तर नाही, निदान चिप्स तरी खाऊ. पण यॉर्कशायरमध्ये बऱ्याच दुकानांत चिप्स गाईच्या चरबीत तळतात, आणि तिथल्या लोकांना त्याचा अभिमान आहे. आमच्या सीनियर मुलींनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. जाणाऱ्या मुलांनी लक्षात ठेवावं: आधी "कशात तळता?" विचारायचं, मग रांगेत उभं राहायचं. चौथ्या दुकानात वनस्पती तेल निघालं. गरम चिप्स, वर मीठ आणि व्हिनेगर, बाजूला वाटाण्याचा हिरवागार गरगट लगदा. सेव टाकली असती तर आपली उसळच. मैत्रिणीने धुरावलेला हेरिंग मासा घेतला आणि पहिल्या घासाला डोळे मिटले. समुद्री पक्षी आमच्यावर नजर ठेवून होते. तिथले सीगल म्हणजे ओंकारेश्वरच्या माकडांचे भाऊबंद.

पूर्वेच्या कड्यावर जायला १९९ पायऱ्या आहेत. मोजायच्या असतात. मी १९७ मोजल्या, मैत्रिणीने २०१, म्हणजे सरासरी बरोबर. महेश्वरच्या घाटावर लहानपणी इतक्या चढउतार केल्या आहेत की दम लागला नाही, पण मध्ये मध्ये रुंद सपाट जागा आणि बाक का आहेत ते वाचून जरा थांबले. वरच्या चर्चकडे शवपेट्या याच पायऱ्यांनी न्यायचे. खांदेकऱ्यांना पेटी टेकवून श्वास घेता यावा म्हणून ते टप्पे. आपल्याकडे विसावा देतात, तसंच.

अशाच एका टप्प्यावर एक बाई उभ्या होत्या. पन्नाशी उलटलेल्या. पायघोळ काळा रेशमी झगा, काळे हातमोजे, चेहऱ्यावर काळी जाळी, गळ्यात काळ्या मण्यांच्या तीन पदरी माळा. मी फोटो काढू का विचारलं तर त्या खूश झाल्या. मी विचारलं, हा पोशाख कुणाचा? "व्हिक्टोरियन विधवा," त्या म्हणाल्या. आणि त्यांचे यजमान शेजारीच त्यांची पर्स सांभाळत सँडविच खात उभे होते. मला हसू आलं. त्यांनाही आलं. मग त्या जाळी वर करून मला नीट समजावून सांगू लागल्या की हे मणी जेटचे आहेत, खरे आहेत, त्यांच्या पणजीचे आहेत, आणि जेट म्हणजे व्हिट्बीच.

हा शब्द तोवर मी फक्त "जेट ब्लॅक" या रंगातच ऐकला होता. तो रंग ज्यावरून आला ती वस्तू या गावच्या कड्यांतून निघते. ती दगडासारखी दिसते, पण दगड नाही, लाकूड आहे. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीची झाडं पाण्यात पडली, चिखलाखाली दाबली गेली आणि काळी, तुळतुळीत, हलकी होऊन बसली. चर्च स्ट्रीट नावाच्या अरुंद गल्लीत जेटची दुकानं ओळीने आहेत, आपल्या सराफ्यासारखी. फक्त रात्री तिथे दहीवडे मिळत नाहीत. मी एका दुकानात शिरले. घ्यायचं असं काही ठरवलं नव्हतं. दुकानदारीण बाईंनी एक न घडवलेला तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. दगड थंड लागतो, हा लागला नाही. वजनही जाणवत नव्हतं. त्यांनी तो चिनी मातीच्या खरखरीत फरशीवर ओढला तर रेघ तपकिरी उमटली, काळी नाही. खरा जेट असा ओळखतात; काच किंवा कोळसा असेल तर फसवेगिरी लगेच कळते. मग लोकरी बाहीवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ नेला, तर कपटे उडून चिकटले. मी शाळकरी मुलीसारखी हसले.

त्यांच्याकडून कळलं ते असं. १८६१ च्या डिसेंबरात राणी व्हिक्टोरियाचे यजमान, प्रिन्स अल्बर्ट, वारले. राणीने मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं, काळे कपडे सोडले नाहीत. दरबारातल्या बायकांनाही दुखवट्यात चमकणारे दागिने वर्ज्य झाले, चालायचा तो जेट. राणीने केलं म्हणून सरदारणींनी केलं, सरदारणींनी केलं म्हणून दुकानदारांच्या बायकांनी, आणि मग सगळ्या इंग्लंडने. या एवढ्याशा गावात हजाराहून अधिक माणसं जेट कोरायच्या कामाला लागली. विधवेने पहिल्यांदा काय घालायचं, किती महिन्यांनी काय बदलायचं, सगळे नियम. नवऱ्याला मात्र बायको गेली तर दंडावर किंवा टोपीला एक काळी पट्टी पुरायची, आणि तीही लवकर उतरायची. म्हणजे तिकडेही घरात काय घडलं ते बाईच्या अंगाकडे बघूनच कळायचं.

मी काचेआडच्या माळांकडे बघत उभी राहिले. अगदी आपले काळे मणी. बारीक, गोल, एकात एक ओवलेले. तिकडे नवरा गेला की हे गळ्यात आले. आपल्याकडे नवरा गेला की हे गळ्यातून गेले.

आईला मंगळसूत्र काढायला कोणी सांगितलं नव्हतं, हे मला मुद्दाम लिहावंसं वाटतं. आमच्या घरात आता तसं कोणी नाही. आत्या तर म्हणाली होती, "वहिनी, राहू दे, कोण बघतंय." पण तेराव्यानंतर एक दिवस आईने ते काढलं, वाट्या सुट्या केल्या, काळे मणी एका कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवले आणि डबी कपाटात. नंतर तिने गळ्यात काहीच घातलं नाही. साखळी नाही, मोत्यांची सर नाही. व्हिडिओ कॉलवर मला तिचा चेहरा दिसायच्या आधी तो मोकळा गळाच दिसायचा. तिथे एक फिकट रेघ होती, सव्वीस वर्षांची. मी लीड्सला आले तेव्हाही ती पुरती गेली नव्हती.

सर्वांत साध्या एकेरी माळेची किंमत माझ्या तीन आठवड्यांच्या किराण्याएवढी होती. मी बाईंना "उद्या येते" म्हटलं. दुकानातून निघायला आपण इंदुरातही हेच म्हणतो, पण मी खरंच विचारात पडले होते. पैशांचा प्रश्न होताच. त्याहून मोठा प्रश्न असा की आईला काळे मणी पाठवणारी मी कोण? ती काय म्हणेल? इकडच्या विधवा घालायच्या म्हणून तू घाल, हे बोलायला सोपं, पण तो गळा तिचा होता.

दुपारी पाऊस आला म्हणून आम्ही लाइफबोटीच्या म्युझियममध्ये शिरलो. तिथे एक वयस्क स्वयंसेवक काका होते. इंग्लंडमध्ये समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवायला जाणाऱ्या बोटी सरकार चालवत नाही, देणग्यांवर चालणारी संस्था चालवते, आणि बोटीवर जाणारे बहुतेक गावातलेच लोक असतात. १८६१ च्या फेब्रुवारीत या गावची बोट एकाच दिवशी एकामागून एक जहाजांतल्या लोकांना सोडवायला गेली. शेवटच्या खेपेला ती उलटली आणि तेरा जणांपैकी बारा जण बुडाले. वाचला तो एकटा हेन्री फ्रीमन, कारण त्याच्या अंगात बुचाचं नवं जाकीट होतं. म्हणजे राणीचा दुखवटा सुरू व्हायच्या दहा महिने आधी या गल्ल्यांतही दुखवटा आला होता. त्या घरांत जेटच्या माळा आल्या असतील का, कोण जाणे. कोळ्यांच्या घरात आधी पीठ येतं.

काकांनी मग मला दुसऱ्या एका जहाजाचं चित्र दाखवलं आणि नाव म्हणाले, "रोहिला." मी पुन्हा विचारलं. रोहिलाच. पानिपताच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी मुलीला हे नाव ऐकल्यावर नजीबखानच आठवणार. झालं असं की हे जहाज मुळात ब्रिटिश इंडिया कंपनीचं, लंडन-कलकत्ता प्रवासी वाहतुकीसाठी बांधलेलं. पहिल्या महायुद्धात त्याचं इस्पितळ केलं, आणि १९१४ च्या ३० ऑक्टोबरला पहाटे जखमी सैनिक आणायला फ्रान्सकडे जाताना ते व्हिट्बीच्या दक्षिणेला खडकावर फुटलं. किनारा एवढा जवळ की लोकांना जहाजावरची माणसं दिसत होती. पण लाटा अशा की बोट घालता येईना. गावकऱ्यांनी एक बोट हातांनी उचलून, खडकांवरून ओढत नेऊन पाण्यात घातली. दोन खेपांत तिने पस्तीस जण आणले आणि मग ती फुटली. उरलेले दोन दिवस लटकून राहिले. शेवटी टाइनमाउथहून मोटरवर चालणारी बोट आली आणि तिने शेवटचे पन्नास काढले. जहाजावर २२९ माणसं होती, ऐंशीच्या वर गेली. वाचलेल्यांत एक बाई होती, जी दोन वर्षांपूर्वी टायटॅनिकवरूनही वाचली होती.

काका हे सगळं असं सांगत होते जणू मागच्या आठवड्यात घडलं. मग मी त्यांना सांगितलं की रोहिला म्हणजे माणसं होती, उत्तर हिंदुस्थानातले पठाण, आणि आमचं त्यांच्याशी अडीचशे वर्षांपूर्वीचं वैर आहे. ते बघतच राहिले. "मी जन्मभर हे नाव घेतोय," ते म्हणाले, "मला वाटायचं कुणा बाईचं असेल."

पाऊस थांबल्यावर पुन्हा पायऱ्या चढलो. चर्चचं आवार कड्याच्या टोकावर आहे आणि तिथल्या थडग्यांचे दगड खाऱ्या वाऱ्याने असे झिजलेत की बऱ्याच दगडांवर नाव राहिलेलंच नाही. आत जुन्या पद्धतीची लाकडी बाकं आहेत, दार असलेली, छोट्या खोल्यांसारखी. पूर्वी प्रत्येक घराण्याचं बाक ठरलेलं असायचं. त्यांतल्या काहींवर लिहिलंय, "फक्त परक्यांसाठी." मी त्यातल्या एका बाकावर बसून घेतलं. इतक्या स्पष्टपणे माझी सोय इंग्लंडमध्ये आणखी कुठे केलेली मी पाहिली नाही.

चर्चच्या मागे ॲबी, म्हणजे मठ. आता नुसत्या उंच कमानी आणि भिंती उरल्या आहेत, छप्पर नाही. आठव्या हेन्री राजाने १५३९ मध्ये बंद करवला. पण त्याच्याही आधी, ६६४ साली, इथे एक सभा भरली होती, तिची हकिगत आपल्या पंचांगकर्त्यांना जवळची वाटेल. ईस्टर चंद्रावर ठरतो, आणि तो कसा मोजायचा याबद्दल तिथे दोन पंथ होते. राजा एका पंथाचा, राणी दुसऱ्या. त्यामुळे राजाकडे सणाचं जेवण चाललेलं असायचं आणि राणीचा अजून उपास. स्मार्त आणि भागवत एकादशी एकाच घरात म्हणा ना! शेवटी सभेने राणीच्या बाजूने निकाल दिला. ही सभा जिच्या मठात भरली ती मठाधिपती बाई होती, हिल्डा नावाची, हे मला विशेष आवडलं.

चंद्राचा विषय माझ्या डोक्यात होता कारण तो दिवस कोजागिरीचा होता. २८ ऑक्टोबर, शनिवार. त्या वर्षी कोजागिरीलाच खंडग्रास चंद्रग्रहण आलं होतं, त्यामुळे इंदुरात दुधाचं काय करायचं यावर दोन दिवस व्हॉट्सॲपवर धुमश्चक्री चालली होती. तुळशीचं पान घालून आधीच प्यायचं, की ग्रहण सुटल्यावर रात्री अडीचला? आमच्या घरी प्रश्नच नव्हता. वर्ष झालेलं नव्हतं, सण करायचा नव्हता.

आमचं यूथ हॉस्टेल ॲबीच्या अगदी शेजारी होतं. रात्री नऊला मी एकटीच चर्चच्या आवारात आले. खाली गावात गॉथ मंडळींचं संगीत चालू होतं, वर वारा. ढग होते, पण धावते. मधूनच ते फाटायचे आणि ॲबीच्या कमानींवर चंद्र दिसायचा, खालच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखा. मोठं ग्रहण नव्हतंच ते. सव्वानऊला सर्वांत जास्त होतं. म्हणजे इंदुरात पावणेदोन. मी फोन उघडला तर आई ऑनलाइन.

"जागी आहेस?"

"ग्रहण आहे ना. तू जेवलीस?"

मी तिला कॅमेऱ्यातून चंद्र दाखवला, तो काही नीट दिसला नाही. तिने गच्चीवर जाऊन तिचा दाखवला, तोही दिसला नाही. दोघी दोन पांढऱ्या ठिपक्यांकडे बघत राहिलो. ग्रहणाचं निमित्त होतं, पण मला ठाऊक होतं की ती रोजच दोनपर्यंत जागी असते. बाबा गेल्यापासून. रात्री मी लायब्ररीतून परतताना बघायची, तेव्हाही ती ऑनलाइनच असायची. त्या दिवशी वाऱ्यामुळे असेल, किंवा समोर एवढं काळं पाणी होतं म्हणून, मी विचारलंच. "मी इथे आले म्हणून तुला झोप येत नाही का?"

ती जिना उतरत होती, श्वास ऐकू येत होता. म्हणाली, "नाही गं. तू इथे असतीस तरी आली नसती. आणि वर दाखवावं लागलं असतं की झोपलेय."

मग मी तिला जेटची सगळी हकिगत सांगितली. राणीची, दुकानाची, तपकिरी रेघेची, त्या बाईंच्या सँडविच खाणाऱ्या नवऱ्याची. यावर ती खूप हसली. जानेवारीनंतर असं हसलेली मी ऐकली नव्हती. मी घाबरत घाबरत म्हटलं, "तशी एक माळ आहे. तुला आणू का?"

बराच वेळ काही नाही. मला वाटलं रेंज गेली.

"गळ्यात नको," ती म्हणाली. "गळ्याला आता काही नसण्याची सवय झाली, बरं वाटतं. कानातलं असेल तर बघ. फार महाग नको. आणि खरंच लाकूड आहे ना ते?"

त्या रात्री इंग्लंडमध्ये घड्याळं एक तास मागे गेली. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोनला तिथे एक वाजवतात. सगळ्यांना एक तास झोप फुकट मिळते, फक्त घरी फोन करणाऱ्यांचं अंतर साडेचारचं साडेपाच तास होतं. सकाळी उठून मी गणित पुन्हा मांडलं: आता माझे रात्रीचे साडेआठ म्हणजे तिचे दोन.

दुकान दहाला उघडलं. मी ज्वारीच्या दाण्याएवढ्या दोन साध्या कुड्या निवडल्या, चांदीत बसवलेल्या. बाईंनी डबीत कापूस घालून दिला आणि विचारलं, भेट आहे का, कुणासाठी? आईसाठी म्हटल्यावर म्हणाल्या, "काळा रंग त्यांना आवडतो?" यावर काय सांगणार. हो म्हटलं. मैत्रीण बाहेर उभी होती, दुसरा हेरिंग मासा संपवून. परतीच्या बसमध्ये वरची पुढची जागा मिळाली नाही, आणि मूरवर एवढं धुकं होतं की मेंढ्यासुद्धा दिसल्या नाहीत.

कुड्या डिसेंबरात ओळखीच्या एकांबरोबर इंदूरला पोचल्या. जानेवारीत वर्षश्राद्ध झालं. मी आईला दोनदा विचारलं, तर म्हणते, "आहेत जपून ठेवलेल्या. कुठे जायचं असलं की घालीन." मावशी सांगते, ती रोज सकाळी भाजी आणायला जाताना घालते, आणि भाजीवालीने विचारलं तर तिला सांगते की हे इंग्लंडचं लाकूड आहे, घासलं तर कागद चिकटतात.